लिहिणारे ढीगभर, तपासणारे कुठे?

ठाकूरवाडीतून बातमीसाठी फोन आला की माझा पहिला प्रश्न, "कुठली ठाकूरवाडी?" आपल्या कर्जत-खालापूरच्या डोंगरात हे नाव एकाच वाडीचं नाही, हे इथल्या पोराटोरांनाही माहीत आहे. उपग्रहाला नाही. त्याला फक्त छपरं दिसतात.

मुद्दा ओपनस्ट्रीटमॅपचा आहे. २००४ साली ब्रिटनमध्ये सुरू झालेला, स्वयंसेवकांनी उभा केलेला खुला नकाशा. कुणीही भर घाला, कुणीही फुकट वापरा. आपत्तीच्या कामासाठी त्याचे स्वयंसेवक टास्किंग मॅनेजर नावाचं खुलं सॉफ्टवेअर वापरतात. त्यात भाग चौकोनांत वाटतात. एकाने घरं-रस्ते काढायचे, दुसऱ्याने तपासायचे. पास तरी करायचं, नाहीतर काय चुकलं ते लिहून परत पाठवायचं.

घोडं इथेच अडतं. काढायला एका रविवारी कॉलेजची पोरं हौसेने बसतील. तपासायला कोण बसणार? आमच्या धंद्यातही बातमीवर नाव वार्ताहराचं. गावाचं नाव चुकलेलं पकडतो तो डेस्कवरचा उपसंपादक, त्याचं नाव कुठेच छापून येत नाही.

तपासणी ही किरकोळ गोष्ट वाटत असेल तर २०२४ चं एक्सझेड प्रकरण बघा. जगभरच्या सर्व्हरवर असलेलं, फाइली दाबून लहान करणारं हे सॉफ्टवेअर वर्षानुवर्षं मुख्यतः एकच थकलेला स्वयंसेवक सांभाळत होता. 'मदत करतो' म्हणत एक जण आला, दोनेक वर्षं विश्वास कमावला आणि आत चोरदरवाजा बसवला. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, एवढ्यावरून आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरने तो पकडला. नशीब सगळ्यांचं!

१९ जुलै २०२३ ची इर्शाळवाडीची रात्र आपण कुणी विसरलेलो नाही. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं सापडलीच नाहीत. बचाव पथकं पायी चढली, यंत्रं वर गेलीच नाहीत. नकाशा चांगला असता तर कुणी वाचलं असतं, असं मी म्हणत नाही. तसं म्हणणं हलकटपणा होईल. पण अशा वाडीची पायवाट, तिचं बोलीतलं नाव बरोबर आहे का, हे जर्मनीत बसलेला माणूस कसं ठरवणार? ते चौकचा नाहीतर कशेळ्याचा माणूसच सांगणार.

म्हणून मला तपासणारे हवेत. आणि कुणाकडे काय गेलं, किती दिवस पडून आहे, नवख्या पोराला न झापता चूक समजावली का, हे बघणारा एक जण. काम कंटाळवाणं आहे, खोटं कशाला बोलू. कॉलेजवाल्यांनी प्रोजेक्टचे गुण देताना किती घरं काढली यासोबत किती तपासली हेही मोजावं.

पहिले सहा महिने हे सांभाळायचं काम मी घेतो. कॉम्प्युटर बेताचाच येतो, पण कॉपी तपासण्यात डोळे गेलेत. आशाताई, पोस्टमन, वायरमन, ट्रेकवाले, वाड्या तुम्हाला पाठ आहेत, तुम्हीच या. पहिला भाग इर्शाळगडाच्या पायथ्याचा घेऊ आणि पाऊस लागायच्या आत तपासून मोकळे होऊ.