युवा महोत्सव आणि शेवटची एसटी

पावसाळा सरत आला की महाविद्यालयांच्या सूचना फलकावर युवा महोत्सवाचं परिपत्रक लागतं. कलाप्रकारांची यादी, संघात किती जण असावेत, नावं पाठवण्याची शेवटची तारीख. दोन पानांचा कोरडा कागद. पण एखाद्या छोट्या विद्यापीठात या कागदाचं मोल काय असतं, ते सोलापूरसारख्या जिल्ह्यात गेल्याशिवाय कळत नाही.

पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ हे एका जिल्ह्यापुरतं विद्यापीठ आहे. १ ऑगस्ट २००४ रोजी ते सुरू झालं. त्याआधी इथली महाविद्यालयं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न होती. विद्यापीठ दारात हवं, ही मागणी जुनी होती आणि रास्त होती. विद्यापीठ आलं. तरी बार्शी, सांगोला, करमाळा, अक्कलकोटला बीए-बीकॉम करणाऱ्या मुलाचा त्याच्याशी संबंध येतो तो हॉल तिकिटापुरता आणि निकालापुरता. केगावचा परिसर त्यातल्या अनेकांनी पाहिलेलाही नसतो. वसतिगृह, ग्रंथालय, सायंकाळच्या गप्पा, वेगळ्या गावच्या, वेगळ्या जातीधर्माच्या मुलांशी मैत्री, या सगळ्याला आपण कॅम्पस लाइफ म्हणतो. संलग्न महाविद्यालयातल्या मुलांना ते वर्षातून तीन-चार दिवस मिळतं, आणि ते मिळतं युवा महोत्सवात.

म्हणून मला या महोत्सवाकडे नुसती करमणूक म्हणून पाहणं मान्य नाही. एकांकिका, मूकनाट्य, लोकनृत्य, वादविवाद, रांगोळी, व्यंगचित्र, मातीकाम. इथे निवडलेली मुलं पुढे ‘इंद्रधनुष्य’ या राज्यस्तरीय महोत्सवाला जातात. हा महोत्सव २००३ पासून राज्यपाल कार्यालयाच्या पुढाकाराने भरतो. सोलापूरसाठी तर पोवाडा हा घरचाच विषय. शाहीर अमर शेख बार्शीचे. जन्माने मेहबूब हुसेन पटेल. मोटारीवर क्लीनर, मग गिरणी कामगार, आणि त्यानंतर संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात लाखोंच्या सभा हलवणारा आवाज. त्यांना शिकवायला कुठलं विद्यापीठ नव्हतं. आज तसाच आवाज असलेली पोरं त्याच बार्शीत असतील. ती मंचापर्यंत पोचतात का, एवढाच प्रश्न आहे.

सगळी पोचत नाहीत. अडसर ठरते ती शेवटची एसटी. करमाळा ते सोलापूर हे अंतर सव्वाशे किलोमीटरच्या घरात जातं. महोत्सवाचं यजमानपद दुसऱ्या टोकाच्या महाविद्यालयाकडे गेलं, तर मुक्काम आलाच. मुलांना घरून परवानगी मिळते. मुलीच्या बाबतीत आधी विचारलं जातं, सोबत कोण, राहायचं कुठं, बाई शिक्षिका आहेत का? हे प्रश्न मुस्लिम मोहल्ल्यात विचारले जातात तसेच वाडी-वस्तीवरच्या मराठा, धनगर घरातही विचारले जातात. त्याला मागासलेपणा म्हणून हिणवणं सोपं आहे. पण आईबापांचा प्रश्न रोकडा असतो आणि त्याचं उत्तर परिपत्रकात नसतं. मग तालमीत सर्वांत चांगलं काम करणारी मुलगी ऐन वेळी गळते आणि तिच्या जागी पाठांतर नसलेली दुसरी उभी राहते.

दुसरी अडचण पैशाची. मोठ्या संस्थांची महाविद्यालयं बाहेरून दिग्दर्शक आणतात, पोशाख भाड्याने घेतात, महिनाभर तालीम करतात. विनाअनुदानित छोट्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर काम करणारा एक प्राध्यापकच दिग्दर्शक, नेपथ्यकार आणि टेम्पो ठरवणारा असतो. त्याच्या या कष्टाची नोंद कुठल्याच रजिस्टरमध्ये होत नाही. (उद्घाटनाच्या हारतुऱ्यांवर जाणारा खर्च यातल्या दोन संघांच्या प्रवासाला पुरावा, असं मला दरवर्षी वाटतं.)

नव्या शैक्षणिक धोरणाने ‘सह-अभ्यासक्रम’ या नावाखाली कला, खेळ, योग, एनएसएस यांना श्रेयांक दिले. चांगलं झालं. आता ‘हे अभ्यासाबाहेरचं आहे’ ही सबब उरली नाही. मग महोत्सवाच्या आठवड्यात अंतर्गत चाचण्या का ठेवायच्या? श्रेयांक कागदावर आणि तालमीला गेलेल्या मुलाची गैरहजेरी हजेरीपटावर, असं दोन्ही चालणार नाही.

हे सांगणारं विद्यार्थ्यांच्या बाजूने कुणी आहे का? १९९४ च्या कायद्यानंतर महाराष्ट्रात विद्यार्थी परिषदेच्या थेट निवडणुका थांबल्या. महाविद्यालयीन राजकारणातल्या हाणामाऱ्या हे कारण होतं आणि ते खोटं नव्हतं. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने निवडणुकांची तरतूद पुन्हा केली. २०१९ मध्ये त्या होणार म्हणेपर्यंत विधानसभेच्या निवडणुकांमुळे लांबणीवर पडल्या, मग कोरोना आला. अठराव्या वर्षी आमदार निवडणारी मुलं आपल्या महाविद्यालयाचा सांस्कृतिक प्रतिनिधी निवडू शकत नाहीत, हे मला विचित्र वाटतं. निवडून आलेली एखादी मुलगी नियोजनाच्या बैठकीत बसली, तर मुक्कामाचा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत निघेल.

भाषेचंही तेच. सोलापूर शहरात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दू सहज कानावर पडतात. विणकरांच्या पूर्वभागातला मुलगा मित्राशी तीन भाषांत बोलतो आणि वक्तृत्वाच्या मंचावर गप्प होतो. त्याला त्याच्या भाषेत पाच मिनिटं मिळाली तर परीक्षकांनाही काही नवं ऐकायला मिळेल.

यंदाच्या परिपत्रकात कलाप्रकारांची यादी असेलच. तिच्याखाली चार गोष्टी लिहाव्यात: मुलींच्या मुक्कामाची जागा आणि तिथल्या जबाबदार शिक्षिकेचं नाव, लांबच्या तालुक्यांतल्या संघांचा प्रवासखर्च विद्यापीठ किती देणार तो आकडा, त्या आठवड्यात चाचणी घेऊ नये अशी महाविद्यालयांना सूचना, आणि मुलींचे समूह कार्यक्रम दुपारी चारच्या आत संपतील असं वेळापत्रक. हे परिपत्रक महिनाभर आधी लागलं तर ते घरी दाखवता येईल.