इंजिन मोठे, पण आस तोच



गळीत हंगाम तोंडावर आला की शेतकी खात्याकडे ऊस नोंदीच्या आणि तोडणी प्रोग्रामच्या चौकशा सुरू होतात. अलीकडे त्यात एका नव्या विषयाची भर पडली आहे. "साहेब, पिकअपचा पंप वाढवून घेऊ का?", "जुनं इंजिन काढून मोठं बसवून देतो म्हणतोय गॅरेजवाला, घालू का?" असे सभासद विचारतात. हा विषय उसाचा नाही म्हणून तो बाजूला सारता येत नाही. बेणे, रोपे, खत, वाढे, दूध, गुऱ्हाळाचा ऊस, सगळे आज लहान पिकअपवर चालले आहे, आणि ती गाडी बहुतेक ठिकाणी कर्जाची आहे. म्हणून आमचे मत स्पष्ट सांगतो. जास्त ओझे वाहता यावे म्हणून इंजिनाची ताकद वाढवणे हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे.

लहान पिकअपला मोठे इंजिन घालण्याचा शौक मुळात अमेरिकेतला. तिथे शेव्हरोले एस-१० सारख्या लहान पिकअपमध्ये आठ सिलिंडरचे इंजिन बसवणारे हौशी पुष्कळ आहेत. १९९१ साली तर जीएमसी कंपनीनेच आपल्या लहान पिकअपला टर्बो लावून 'सायक्लोन' नावाची २८० अश्वशक्तीची गाडी काढली. पळण्यात ती भल्या भल्या स्पोर्ट्स मोटारींना भारी ठरली. पण तिच्यावर ओझे किती घालायचे? कंपनीनेच लिहून दिले होते, ५०० पौंड. म्हणजे सव्वादोनशे किलो, पन्नास किलोच्या पोत्यांच्या हिशेबाने साडेचार पोती!

आता आपल्याकडचे उदाहरण घ्या. २००५ साली टाटांचा 'एस', म्हणजे आपला छोटा हत्ती, बाजारात आला. इंडिका मोटारीच्या चार सिलिंडरच्या इंजिनावरून बेतलेले दोन सिलिंडरचे ७०२ सी.सी.चे इंजिन, ताकद १६ अश्वशक्ती. आणि ओझे सुमारे पाऊण टन. २८० घोड्यांची गाडी सव्वादोनशे किलो वाहते आणि १६ घोड्यांची पाऊण टन. यातच सगळे आले. इंजिन वेग देते, चढ चढवते, पण ओझे ते पेलत नाही. ओझे पेलतात कमानपाटे, आस, हाउसिंग, चाके आणि चासी. खिलारी जोडी जुंपली म्हणून गाडीचा मोडका आस नीट होतो का?

पंप वाढवला की काय होते तेही समजून घ्यावे. डिझेल जास्त जाते, पण ते जाळायला हवा तेवढीच राहते. न जळलेले डिझेल काळा धूर होऊन बाहेर पडते आणि इंजिनात उष्णता वाढते. ती उष्णता पिस्टन, हेड गॅसकेट आणि टर्बोला भोवते. वाढलेली ओढ पुढे क्लचप्लेट, गिअरबॉक्स, जॉइंट, डिफरन्शियल अशी एकेकाच्या अंगावर येते, आणि जो कमजोर तो आधी तुटतो. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत पंपाऐवजी संगणकाचे सेटिंग बदलून देतात. मार्ग निराळा, परिणाम तोच. अमेरिकेतला जाणकार हौशी मोठे इंजिन घालताना रेडिएटर, गिअरबॉक्स, मागचा आस आणि ब्रेकही बदलतो. आपल्याकडे फक्त पंपाचा स्क्रू फिरवतात आणि बाकीचे देवाच्या हवाली करतात.

ब्रेकचे गणित तर सरळ आहे. वेग चाळीसवरून साठवर गेला की ब्रेक लावल्यापासून गाडी थांबायला सव्वादोनपट अंतर लागते. जिथे वीस मीटर पुरत होते तिथे पंचेचाळीस लागतात. हंगामात आपल्या रस्त्यावर रात्री कोण असते? बिनदिव्याची टायरगाडी, तिच्यावर गाडीवान, मागे मोळ्यांवर झोपलेली त्याची बायको-पोरे. घोडे वाढवताना त्यांचा विचार आधी केला पाहिजे.

आता कोणी म्हणेल, "पण गाडी ओढतच नाही, त्याला काय करायचं?" तक्रार खरी आहे. परंतु न ओढण्याचे कारण पुष्कळदा साधे असते. फडातल्या धुळीने एअर फिल्टर बुजलेला असतो, नोझल झिजलेले असतात, व्हॉल्व्हचे सेटिंग गेलेले असते, क्लच घसरत असतो, ब्रेक धरलेले असतात किंवा टायरात हवा कमी असते. हे सगळे आधी पाहावे. पंप कंपनीच्या मापावर कॅलिब्रेट करून घ्यावा, मापाबाहेर वाढवू नये. इंजिनच संपले असेल आणि चासी खणखणीत असेल, तर इंजिन बदलण्यास आमचा विरोध नाही. मात्र त्याच बनावटीचे, त्याच जातीचे घालावे, आधी आर.टी.ओ.ची परवानगी घ्यावी आणि नवा इंजिन नंबर आर.सी.वर चढवून घ्यावा.

कायदा याबाबतीत कडक आहे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. त्याहून मोठा धोका विम्याचा. न कळवलेला बदल अपघातानंतर उघडकीस आला, तर विमा कंपनीला भरपाई नाकारायला कारण मिळते. मग कर्जाचे हप्ते, दुरुस्ती आणि दवाखाना हे सगळे उसाच्या बिलातूनच जायचे.

सभासदाला एकट्याला दोष देऊन मात्र चालणार नाही. भाडे टनावर ठरले की गाडीवाला ठासून भरतो, आणि खेपेवर ठरले की मालवाला ठासून भरायला लावतो. दोन्हीकडून ओझे वाढतेच, आणि मग ते ओढायला पंप वाढवावा लागतो. म्हणून आळा भरण्याच्या जागेवरच घातला पाहिजे. आमची सूचना अशी की, कारखान्याच्या बेणे मळ्यावर व रोपवाटिकेत पिकअप भरण्यापूर्वी आर.सी. पाहावी, त्यावरचे वजन पावतीवर लिहावे आणि तेवढेच भरावे. तसेच हंगामापूर्वी एक दिवस गाडीतळावर वाहन तपासणी शिबिर घ्यावे. ब्रेक, दिवे, कमानपाटे आणि टायर पाहून द्यावेत. टायरगाड्यांना लाल रिफ्लेक्टर त्याच दिवशी लावून द्यावेत. संचालक मंडळाने याचा विचार करावा, ही विनंती.

"दुसऱ्या खेपेचं डिझेल कोण देणार?" हा प्रश्न राहतोच. त्याचे उत्तर एवढेच, की दुसऱ्या खेपेचा खर्च आधी कळतो, धरता येतो, भाड्यात मागताही येतो. भर हंगामात रस्त्यात तुटलेल्या आसाचा खर्च असा आधी सांगून येत नाही. गॅरेजात घालवायचे पैसे सभासदांनी चांगले टायर, चांगले ब्रेक आणि शुद्ध बेणे यांत घालावेत, असे आमचे मत आहे.

— ऊस विकास अधिकारी