रेझांग लाचे जवान

भीमा कोरेगाव आमच्या मुलांना पाठ आहे. आज आम्ही दुसऱ्या एका लढाईची हकीकत देत आहोत. ती आई-वडिलांनी घरी वाचून दाखवावी.

परमपूज्य बाबासाहेबांनी १९५४ साली राज्यसभेत पंचशील करारावर कडक टीका केली होती. (बुद्धाच्या पंचशीलाचे नाव घेणाऱ्या माओचा त्यावर विश्वास नाही, असे त्यांनी सांगितले.) चीनला ल्हासा घेऊ दिल्याने त्याची सरहद्द आपल्या दाराशी आली, हेही बजावले. ऐकले कोणी? आठ वर्षांनी त्याची किंमत मोजली ती शेतकऱ्यांच्या पोरांनी.

१८ नोव्हेंबर १९६२ ची पहाट. लडाखमध्ये चुशूलजवळची रेझांग ला खिंड, उंची सोळा हजार फुटांच्या आसपास. १३ कुमाऊँ पलटणीच्या चार्ली कंपनीचे सुमारे १२० जवान, बहुतेक हरियाणाकडचे अहीर. असली हाडे गोठवणारी थंडी त्यांच्या मुलखात कुठली? हातात जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफली. मध्ये डोंगर आडवा, म्हणून मागून तोफांची मदत नाही. चिनी लाटांमागून लाटा आल्या. मेजर शैतानसिंग जखमी होऊनही मोर्चामोर्चावर फिरत राहिले. शंभराहून अधिक जवान कामी आले, पण मोर्चा सोडला नाही.

जे थोडे वाचले, त्यांचे सांगणे अनेकांना खरे वाटेना. गरिबाच्या शब्दाला पुरावा लागतो, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

पुरावा बर्फाने जपून ठेवला होता. १९६३ च्या फेब्रुवारीत एका मेंढपाळाला तो दिसला. जवान आपापल्या खंदकात गोठलेले, हत्यारे हातात. जखमींची शुश्रूषा करणाऱ्याच्या हातात इंजेक्शनची सुई तशीच होती.