माध्यमिक शाळेतील पेट्रोल इंजिन

परभणी जिल्ह्यातील कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात पाठीवरचे फवारणी पंप, पॉवर वीडर आणि गवत कापण्याची यंत्रे ज्या लहान पेट्रोल इंजिनांवर चालतात, ती उघडण्याचे, साफ करण्याचे व दुरुस्त करण्याचे शिक्षण आठवी ते दहावीच्या वर्गांत द्यावे, या विचाराविरुद्ध सामान्यतः तीन आक्षेप घेतले जातात: ही विद्या शेतकऱ्याच्या पोराला पुन्हा शेतातच ढकलते, तिच्यासाठी आयटीआय आहेतच, आणि बॅटरीच्या जमान्यात पेट्रोल इंजिन कालबाह्य होत आहे. पूर्वपक्ष, म्हणजे प्रतिपक्षाचे म्हणणे, त्याच्या सर्वांत बळकट रूपात मांडूनच खोडावा, असा संकेत असल्याने पहिल्या आक्षेपाचा विचार आधी केला पाहिजे.

तो पोकळ नाही. हातकाम गरिबांच्या शाळेत आणि बीजगणित सधनांच्या शाळेत अशी वाटणी झाली, तर जुनी जातिव्यवस्थाच वेळापत्रकात शिरते. तथापि ज्या महात्मा फुल्यांनी शिक्षणातील मूठभरांच्या मक्तेदारीवर कोरडे ओढले, त्यांनीच १८८२ मध्ये हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात शाळांतून शेतीचे ज्ञान द्यावे आणि शक्य तेथे शाळेला लहानसे नमुना शेत जोडावे, असे सुचवले होते. अन्याय विषयात नसतो, तो विषय कोणाच्या माथी मारला जातो, यात असतो. म्हणून हा विषय ‘ढ’ ठरवलेल्या मुलांसाठी राखून न ठेवता वर्गात पहिल्या येणाऱ्या मुलीलाही सक्तीचा करणे, हेच या आक्षेपाला खरे उत्तर होय.

दुसऱ्या आक्षेपात व्यवसाय आणि शिक्षण यांची गल्लत आहे. आयटीआयने कारागीर घडवावा. शाळेने घडवायची ती विचाराची सवय. इंजिन सुरू होण्यास इंधन व हवेचे योग्य मिश्रण, ठिणगी आणि दट्ट्याने, म्हणजे पिस्टनने, सिलिंडरात निर्माण केलेला दाब, या तीनच गोष्टी लागतात. दोरी ओढून ओढून खांदा भरून आला तरी पंप सुरू होत नसेल, तर प्लग काढून पाहावा: तो कोरडा असेल तर पेट्रोल पोचतच नाही, तेव्हा टाकीचा कॉक, गाळणी आणि कार्ब्युरेटरचे जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारे सुईच्या टोकाएवढे छिद्र, यांकडे वळावे, ओला असेल तर पेट्रोल येते पण पेटत नाही, तेव्हा आधी ठिणगी तपासावी. शक्य कारणे एकेक बाद करत उरलेल्यापर्यंत पोचण्याच्या या रीतीला न्यायशास्त्रात परिशेषानुमान म्हणतात. (धूर आणि अग्नीचा दृष्टान्त घोकणाऱ्यांनी निळसर धुरावरून ऑइल जास्त पडल्याचे अनुमान एकदा तरी करून पाहावे.) टू-स्ट्रोक इंजिनात वंगणाचे तेल पेट्रोलातच मिसळावे लागते, प्रमाण ४० ला १ असेल तर १ लिटरला २५ मिलिलिटर. हे त्रैराशिक चुकून तेल कमी पडले की दट्ट्या जाम होतो, आणि ही चूक उत्तरपत्रिकेतल्या शून्यापेक्षा अधिक काळ लक्षात राहते.

हे केवळ मनोराज्यही नव्हे. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम स्थापन केला, आणि तेथे आकाराला आलेला ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय राज्यातील अनेक माध्यमिक शाळांनी स्वीकारला.

तिसऱ्या आक्षेपावर फार शाई खर्चण्याचे कारण नाही. बॅटरीचे पंप पुष्कळांच्या घरी आले आहेत, हे खरे. पण तेही बंद पडतात, आणि बॅटरी, वायर की मोटर, हा शोध त्याच रीतीने घ्यावा लागतो.

सर्वांत वजनदार आक्षेप मात्र सहसा कोणी घेतच नाही. फवारणी पंपात विष असते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले, हे विसरता येत नाही. त्यामुळे धुतलेला पंप, रिकामी टाकी, हातमोजे आणि मोकळी शेड, या अटी पाळणे शक्य नसलेल्या शाळेने हा तास सुरूच करू नये.

परभणीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, त्याचे कृषी अभियांत्रिकी महाविद्यालयही तेथेच आहे. शिक्षकांच्या प्रशिक्षणाची जबाबदारी त्याने उचलावी. यंत्रांचा प्रश्न तर उरतच नाही, कारण कापसाची फवारणी आटोपली की पंप पुढच्या पावसाळ्यापर्यंत कोठीत पडून राहतात, टाकीत राहिलेले पेट्रोल उडून जाऊन जेटमध्ये चिकट थर धरतो, आणि शाळेचे दुसरे सत्र नेमके त्याच महिन्यांत भरते.