‘घरगुती’ या शब्दाविरुद्ध

उत्तरपत्रिका तपासून झाल्या, की आम्ही दोघे-तिघे रत्नागिरीच्या एस.टी. स्थानकाजवळच्या एका खाणावळीत जेवतो. स्टीलचे ताट, उकड्या तांदळाचा भात, बांगड्याचे कालवण, सोलकढी. जागा नसली की अनोळखी माणूस समोर येऊन बसतो. आम्ही ताट जरा सरकवतो. कोण, कुठला, हे कुणी विचारत नाही. आमचे विद्यार्थी अशा जेवणावर ललित लेख लिहितात. एके काळी आम्हीही लिहिले. त्यांत हटकून येणारा शब्द म्हणजे ‘घरगुती’. आमचे भांडण या शब्दाशी आहे.

खाणावळीचे मोल ती घरासारखी असण्यात नाही, नसण्यात आहे. ज्या घराच्या आठवणीने आपण हळवे होतो, त्या घराच्या पंगतीत हा अनोळखी माणूस बसू शकला असता काय? याच गावात १९३१ साली भागोजीशेठ कीर यांनी बांधलेले पतितपावन मंदिर सर्व हिंदूंना खुले झाले. सहभोजनांवरून वाद पेटले. आणि १९३३ मध्ये सावरकरांच्या पुढाकाराने ‘अखिल हिंदू’ उपाहारगृह मुद्दाम काढावे लागले. शेजारी बसून चहा पिण्यासाठी चळवळ लागली, आणि तिच्या नावातही धर्माची मर्यादा होतीच. आमच्या खाणावळीत पैसे मोजले की जागा मिळते. ही समता अपुरी आहे, खिशावर अवलंबून आहे. पण घराने तेवढीही दिली नव्हती.

दुसरे असे, की ‘घरगुती’ म्हटले की रांधणारे हात दिसेनासे होतात. कोकणातून गिरणगावात गेलेल्या कामगारांना ज्या बायकांनी जेवू घातले, त्या सावकारीत अडकल्या होत्या. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, ते त्यांना बँकेचे कर्ज मिळावे म्हणून. ज्याला आपण माया म्हणतो, तो त्यांचा धंदा होता. ‘आईच्या हातची चव’ अशी दाद दिल्याने किराण्याची उधारी फिटत नाही.

कुणी म्हणेल, ललित लेखाकडून समाजशास्त्र कशाला मागता? आम्ही समाजशास्त्र मागत नाही, नीट पाहणे मागतो. समोर कोण बसले आहे, आत कोण रांधते आहे, हे न पाहता चवीत रमणारे गद्य आम्हांला आळशी वाटते.

पुढच्या सत्रात आम्ही विद्यार्थ्यांना खाणावळीवरच लिहायला सांगणार आहोत. अट एकच: ‘घरगुती’ हा शब्द वर्ज्य.