कधीही जाता येते!

मुंबईला जाऊन आलेल्या वर्धेकराला ‘काय काय पाहिलं?’ असं विचारावं आणि उत्तर आपणच देऊन टाकावं. गेट वे, चौपाटी, सिद्धिविनायक, राणीच्या बागेतले पेंग्विन आणि उरलेला वेळ लोकल. या कार्यक्रमात पेंग्विन तेवढे नवे, २०१७ सालचे. बाकी आजोबांनी जे पाहिलं तेच नातू पाहतो. त्याला माझी हरकत नाही. आजोबांनी जे चुकवलं तेही नातू तितक्याच निष्ठेने चुकवतो, ही माझी तक्रार आहे, आणि बँकेतल्या माणसाच्या सवयीप्रमाणे ती लेखी नोंदवतो आहे.

राणीच्या बागेचंच घ्या. पेंग्विनसाठी माणसं रांगेत उभी राहतात. त्याच आवारात मुंबईतलं सर्वांत जुनं संग्रहालय आहे. १८७२ साली ते लोकांसाठी उघडलं. आधी राणीचं आणि तिच्या यजमानांचं नाव होतं, १९७५ साली डॉ. भाऊ दाजी लाड यांचं दिलं. जुन्या मुंबईतले कारागीर, पगड्या, पोशाख यांच्या मातीच्या प्रतिकृती तिथे आहेत. तिथे बाहेर एक दगडी हत्ती उभा आहे. पोर्तुगीजांनी घारापुरीला एलिफंटा म्हटलं ते याच हत्तीवरून. १८६४ साली त्याला विलायतेला न्यायचा घाट घातला गेला. उचलताना क्रेन मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते जोडून १९१४ साली त्याला पुन्हा उभं केलं. ज्याने स्वतःचे तुकडे करून घेतले पण विलायतेला गेला नाही, त्या हत्तीकडे पाठ करून आपली माणसं दुरून आलेल्या पेंग्विनांचे फोटो काढतात!

आमचे हेडकॅशियर या विषयावर विरोधी पक्षनेते आहेत. ते म्हणतात, “काय राहते जी तिथं? फुटके भांडे अन् जुने कपडे. ते तर आमच्या माळ्यावरही आहेत.”

खरं आहे. पण माळ्यावरच्या भांड्याला पाटी नसते. ते कुणी घडवलं, कशासाठी, कोणत्या गावी, हे सांगणारं माणूस घरातून गेलं की ते भांडं मोडीच्या भावाचं होतं. तारीख-सही नसलेला चेक आणि पाटी नसलेली वस्तू या दोन्ही सारख्याच. हातात असतात, पण वटत नाहीत. पुण्याच्या दिनकर केळकरांचा चष्म्यांचा व्यवसाय होता. त्यांनी गावोगाव फिरून दिवे, अडकित्ते, दरवाजे, दौती असं लोकांनी अडगळ समजलेलं सामान जमवलं आणि अकाली गेलेल्या राजा या आपल्या मुलाच्या नावाने त्याचं संग्रहालय केलं. १९७५ साली ते सरकारच्या हवाली केलं. आज त्याला आपण सांस्कृतिक ठेवा म्हणतो. त्यांनी उचललं नसतं तर ते सगळं भंगारात गेलं असतं.

दुसरा आक्षेप वेळेचा. इथे तर हिशेब माझ्या बाजूने आहे. मोठ्या संग्रहालयात तिसऱ्या दालनात पाय दुखतात, चौथ्यात माणूस मूर्तीऐवजी बाकडं शोधतो, आणि पाचव्यात आमच्या सौभाग्यवती “अहो, कॅन्टीन कुठं आहे?” असं विचारतात. छोटं संग्रहालय तासाभरात होतं. गर्दी नसल्यामुळे तिथला कर्मचारी स्वतःहून दोन गोष्टी सांगतो. अशी ठिकाणं सापडत कशी नाहीत? लॉजवाल्याला विचारू नका, तो चौपाटीच सांगेल. एखाद्या निवृत्त मास्तरांना किंवा जुन्या पुस्तकांच्या दुकानदाराला विचारा. आपला स्वतःचा धंदा काय, त्याचं काही जपून ठेवलंय का, हे शोधा. रिझर्व्ह बँकेने २००४ साली मुंबईत फोर्टमध्ये नाण्या-नोटांचं संग्रहालय काढलं. बँकेतल्या माणसाने सुट्टीतही नोटाच पाहायच्या, यावर घरी हसू झालं. पण मोजाव्या न लागणाऱ्या नोटा पाहण्याचं सुख बाकीच्यांना कळायचं नाही.

मात्र मुंबई-पुण्याला नावं ठेवण्याआधी आपलं गाव पाहू. वर्ध्यात मगन संग्रहालय आहे. गांधीजींचे सहकारी मगनलाल गांधी १९२८ साली वारले. त्यांच्या नावाचं हे संग्रहालय ३० डिसेंबर १९३८ रोजी खुद्द गांधीजींच्या हस्ते उघडलं. जमनालाल बजाजांनी जागा दिली, कुमारप्पांसारखा हिशेबात पक्का माणूस ग्रामोद्योगाच्या कामाला लाभला. बाहेरगावचे लोक ते पाहायला येतात. वर्धेकराला मगनवाडी ठाऊक असते ती ऑटोवाल्याला पत्ता सांगण्यापुरती.

“आपल्याच गावचं आहे नं,” हेडकॅशियर म्हणाले, “कधीही जाता येते!”

माझा खरा राग या ‘कधीही’वर आहे. बिनमुदतीचं कर्ज जसं वसूल होत नाही, तसं ‘कधीही’ पाहायचं ठिकाण पाहून होत नाही. पवनारला विनोबांना १९३८ साली खणताना सापडलेली भरत-राम भेटीची मूर्ती आश्रमात आहे. तीही आपण ‘कधीही’च्या खात्यात टाकून ठेवली आहे.

आणि यात फक्त हौसेचा प्रश्न नाही. आपला जिल्हा कापसाचा. कापूस बाजारात नेऊन विकायचा आणि कापड दुकानातून विकत आणायचं, एवढं आमच्या घरातल्या पोरांना माहीत आहे. मधलं सगळं गायब. सरकी काढणं, पिंजणं, पेळू, सूत, माग, यांतल्या एकेका पायरीवर गावातल्या एकेका घराची चूल पेटत होती. कापूस घरचा असून त्या पायऱ्यांचा पैसा गावाबाहेर गेला, हा हिशेब मगन संग्रहालयातल्या चरख्यांपुढे उभं राहिलं की पुस्तकाशिवाय कळतो. ते चरखे पूजेसाठी मांडलेले नाहीत. १९२९ साली चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस लावलं होतं. त्या काळचे एक लाख! जुनं कवटाळून बसणारा माणूस सुधारणेवर एवढी रक्कम लावत नाही. अवजार चांगलं कसं होईल आणि त्याचा पैसा गावात कसा राहील, हा त्या लोकांचा प्रश्न होता. कापसाच्या भावाची चर्चा करताना तो आजही आपल्याला सोडवायचा आहे.

म्हणून माझी मागणी साधी आहे. ‘कधीही’ला तारीख घाला. पुढच्या सुट्टीत पोरांना घेऊन जा, उघडं आहे का ते आधी फोन करून विचारा आणि तिकीट असेल तर ते काढा, ओळख काढू नका. हेडकॅशियरांना मी पुढच्या दुसऱ्या शनिवारची तारीख दिली आहे. ती त्यांनी वहीत लिहूनही घेतली आहे, पेन्सिलीने.