तळटीप आहे, साक्ष नाही

संशोधनपर लेखनात तळटीप दोन कामे करते. विधानाला आधार कुठला, हे ती सांगते आणि ज्याचा आधार घेतला त्याचे ऋणही मान्य करते. लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी १९९८ साली स्टॅनफर्डमध्ये 'पेजरँक' ही पद्धत मांडली ती याच रिवाजावरून. एका पानाने दुसऱ्याला दिलेला दुवा म्हणजे त्याच्या बाजूची साक्ष. साक्षीदार जितका वजनदार, तितकी साक्षही.

साक्षीला मोल आले की खोटे साक्षीदार उभे राहायचेच. जिथे कुणालाही लिहिण्याची मुभा, तिथे जाहिरातबाजांनी आपले दुवे पेरले. त्यावर उपाय म्हणून जानेवारी २००५ मध्ये गूगल, याहू आणि एमएसएन या शोधयंत्रांनी 'नोफॉलो' ही खूण स्वीकारली. ती लावलेला दुवा वाचकाला पूर्ववत दिसतो, उघडतो. शोधयंत्राने मात्र तो साक्ष म्हणून मोजायचा नाही. पैसे घेऊन दिलेल्या दुव्यांना ही खूण हवीच, त्याबद्दल वाद नाही.

वाद आहे तो विकिपीडियाविषयी. जानेवारी २००७ मध्ये इंग्रजी विकिपीडियाने बाहेर जाणाऱ्या दुव्यांना ही खूण सरसकट लावली. मराठी विकिपीडियावरही हीच रीत आहे. उपद्रव खरा होता, हे मान्य. पण तिथले संदर्भ संपादक तपासतात, न पटल्यास काढून टाकतात, लेखाची सारी विश्वासार्हता त्यांवरच उभी असते. आणि त्याच संदर्भांविषयी शोधयंत्राला सांगायचे, की यांची हमी आम्ही घेत नाही! घेतले ते उघडपणे, ऋणनिर्देश मात्र अर्धाच.

मोठ्या वृत्तपत्रांना याने काही फरक पडत नाही. मराठीत एखाद्या बोलीवर किंवा लोककलेवर कुणी एकट्याने वर्षानुवर्षे जमवलेल्या पानाकडे मुळात दुवे येणार किती? त्यांतला सर्वांत वजनदार दुवाच मुका.

सप्टेंबर २०१९ मध्ये गूगलने ही खूण यापुढे आज्ञा नव्हे, तर सूचना मानू असे जाहीर केले. काहींना यात दिलासा वाटला. मला वाटत नाही. साक्ष मोजायची की नाही हे आता कंपनी ठरवणार, आणि कशावरून ठरवले ते साक्षीदारालाही कळणार नाही.

त्यापेक्षा लेखांत दीर्घकाळ टिकलेल्या, अनेक संपादकांच्या नजरेखालून गेलेल्या संदर्भस्थळांवरची खूण विकिपीडियाने स्वतःच काढावी. ठरावीक संकेतस्थळांना या नियमातून वगळण्याची सोय तिच्या 'मीडियाविकी' या प्रणालीत आहेच.